गड, गढी आणि गढ

तीन वर्षांपूर्वी एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करताना मी एक चूक केली. लेख छत्तीसगढमधल्या जुन्या गढांविषयी होता. मी सरसकट ‘गढ’चं ‘गड’ करून टाकलं. मराठी वर्तमानपत्रं आमच्या राज्याचं नावच ‘छत्तीसगड’ असं छापतात, त्यामुळे यात थांबून विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. खर्डा मामांना वाचायला दिला. मामा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. सारी नोकरी त्यांनी नकाशे काढण्यात घालवलेली. नकाशात एक रेघ चुकली की तिकडे पाणी भलत्याच शेतात जातं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अगं, तुझे हे गड चढायला माझे गुडघे आता उरले नाहीत. पण आपल्या गढांना चढण आहेच कुठे? तू एखादा पाहिलायस का?”

मी रायपुरात जन्मले, इथेच वाढले. गढ पाहिला नव्हता. की पाहिला होता आणि कळला नव्हता? हे कळायला पुढे मामांचं २४९ ग्रॅम वजनाचं एक यंत्र उपयोगी पडलं.

मराठी माणसाच्या मनात ‘गड’ म्हटलं की डोंगर उभा राहतो. कातळ, बुरूज, पायऱ्या, वर टाकं. छत्तीसगढच्या नावातले गढ असे नाहीत. परंपरेने सांगतात की शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा आणि दक्षिणेला अठरा असे हे छत्तीस गढ. उत्तरेचे कलचुरींच्या रतनपूर शाखेकडे, दक्षिणेचे रायपूर शाखेकडे. यातले पुष्कळसे सपाट भातशेतीच्या मुलखात, निव्वळ मातीचे. खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या बाजूला रचून तट करायचा, खंदकात पाणी सोडायचं. बिलासपूर जिल्ह्यातल्या मल्हारचा मातीचा गढ यातला सर्वांत माहितीचा. सागर विद्यापीठाच्या कृष्णदत्त बाजपेयींनी १९७०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. असे तट शेकडो पावसाळे झेलून खचतात, पसरतात, त्यांच्यावर बाभळी उगवतात. जमिनीवरून चालणाऱ्याला दिसतो तो नुसता एक लांबट उंचवटा आणि त्याच्या पायथ्याशी एक तळं. आकार दिसत नाही. आणि आकार हीच तर गढाची ओळख.

म्हणजे हा गड पायथ्याशी उभं राहून, मान वर करून बघायचा नाही. हा वरून बघायचा.

वरून बघण्याची हौस आपल्याकडे यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. ‘मेघदूता’तला यक्ष जागचा हलू शकत नाही, म्हणून तो ढगाला वाट सांगतो आणि सगळा मुलूख ढगाच्या नजरेने बघतो. तो ज्या रामगिरीवर अडकून पडला होता तो नागपूरजवळचा रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. आमच्याकडचे लोक सरगुजा जिल्ह्यातल्या रामगढचा दावा सांगतात. वाद जुना आहे आणि दोन्हीकडचे मराठी लोक आपापल्या गावाच्या बाजूने बोलतात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांच्यापर्यंत इतक्यांनी हे काव्य मराठीत आणलं, त्याचं एक कारण मला असं वाटतं की ज्याला जाता येत नाही त्याने वरून बघावं, ही कल्पना प्रत्येक पिढीला पुन्हा स्वतःच्या शब्दांत सांगावीशी वाटते.

पण मामांचं आवडतं उदाहरण ‘मेघदूत’ नाही. ते ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग सांगतात. रावणवधानंतर राम आणि सीता पुष्पक विमानातून अयोध्येला परततात. राम खाली बोट दाखवत जातो: हा समुद्र, हा सेतू, हे जनस्थान, ही गोदावरी, ही पंचवटी, हा गंगा-यमुनेचा संगम. ज्या वाटेने पायी जाताना सोसावं लागलं, तीच वाट आता एका नजरेत खालून सरकते. मराठीत आपण दोन शब्द वापरतो, सिंहावलोकन आणि विहंगावलोकन. सिंह चालताना मान वळवून मागची वाट बघतो. पक्षी वरून सगळं एकदम बघतो. कालिदासाने त्या सर्गात दोन्ही एकत्र केली आहेत. मामांच्या वयाच्या माणसांना आकाशातून छायाचित्रं काढण्याचा नाद का लागतो, याचं उत्तर मला त्या सर्गात जितकं मिळालं तितकं दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

यंत्राने काढलेल्या चित्राचा इतिहास १८५८ मध्ये सुरू होतो. पॅरिसचा छायाचित्रकार नादार दोराने बांधलेल्या फुग्यातून सुमारे ८० मीटर वर गेला. तेव्हाची काच ओली असताना रसायन लावायची, ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायची, त्यामुळे फुग्याच्या टोपलीतच अंधारखोली करावी लागली. पहिल्या खेपांना काचा काळ्या निघत. फुग्यातून निसटणारा वायू रसायन बिघडवत होता. एकदा त्याने वायूचं तोंड बंद ठेवून चित्र घेतलं आणि खालचं गाव उमटलं. ते चित्र आज उरलेलं नाही. उरलेल्यांत सर्वांत जुनं आकाशचित्र जेम्स वॉलेस ब्लॅकने १८६० मध्ये बोस्टनवर फुग्यातून घेतलेलं. नादारने आपल्या छायाचित्रणाच्या आठवणींचं पुस्तक १९०० मध्ये छापलं, तेव्हा तो ऐंशीचा होता.

नंतर माणसाने वर जाण्याची गरज संपली. आर्थर बातूने १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या गावावर पतंगाला कॅमेरा बांधला आणि जळत्या वातीने कळ दाबण्याची वेळ साधली. जर्मनीतल्या क्रोनबर्गचा औषधविक्रेता युलिउस नॉयब्रोनर औषधं पोचवण्यासाठी कबुतरं पाळत असे. एक कबुतर धुक्यात हरवलं आणि चार आठवड्यांनी धष्टपुष्ट होऊन परतलं. इतके दिवस ते कुठे होतं, या कुतूहलातून त्याने कबुतराच्या छातीवर बांधायचा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. बातू आणि नॉयब्रोनर दोघेही हौशी. दोघांनी आधी आपलंच गाव वरून पाहिलं.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि हौस लष्कराच्या ताब्यात गेली. पण त्यातूनच एक नवी विद्याही निघाली. ओ. जी. एस. क्रॉफर्ड हा इंग्लंडचा पुरातत्त्वज्ञ युद्धात विमानातून टेहळणी करत असे. युद्धानंतर हवाई दलाची छायाचित्रं चाळताना त्याला नांगरटीखाली गेलेल्या प्राचीन रेषा दिसल्या. स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन रस्त्याचा हरवलेला भाग त्याने १९२३ मध्ये अशाच चित्रांवरून दाखवला. त्याने दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे: गालिच्यावर चालणाऱ्या मांजराला त्यावरची नक्षी कळत नाही, उभ्या माणसाला कळते. आणि नक्षी कशी ओळखायची याच्या खुणाही त्याच्या पिढीने ठरवल्या. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बोटभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. जुन्या खंदकात भरलेली माती ओल धरते, म्हणून त्यावरचं पीक उन्हाळ्यात जास्त वेळ हिरवं राहतं. गाडलेल्या भिंतीवर माती उथळ असते, तिथलं पीक आधी पिवळं पडतं.

आपल्याकडे मात्र वरून बघणं दीर्घकाळ सरकारचं राहिलं. १९३७च्या विमान नियमांत उडत्या विमानातून परवानगीशिवाय छायाचित्र घ्यायला बंदी होती, आणि स्वातंत्र्यानंतरही हवाई चित्रं संरक्षण खात्याच्या नजरेखालून जात. त्यामुळे महाराष्ट्र वरून दाखवणारी माणसं मोजकीच. नौदलात छायाचित्रकार असलेल्या गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून मुंबई, किनारा, दीपगृहं आणि किल्ले टिपले. उद्धव ठाकरे यांचं गडकिल्ल्यांच्या हवाई छायाचित्रांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक २०१० मध्ये आलं. त्या पुस्तकांनी मराठी वाचकाला स्वतःच्या गडांचा नवा चेहरा दाखवला. पण हेलिकॉप्टर काही आपल्या मामांच्या अंगणातून उडत नाही.

ते अंतर ड्रोनने तोडलं. २०१३ मध्ये तयार उडणारे, कॅमेरा लावता येणारे छोटे ड्रोन बाजारात आले. ७ ऑक्टोबर २०१४ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एका जाहीर सूचनेने नागरी वापरावर बंदी घातली. २०१८ मध्ये पहिली नियमावली आली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आजचे ड्रोन नियम. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोसाठी चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही; मायक्रो धंद्यासाठी नसेल तर त्यालाही लागत नाही. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट. रायपूरचा विमानतळ शहराबाहेर माना इथे आहे, त्यामुळे तेलीबांधा तलावापाशी उभं राहिलं की आपण या मोजणीत येतो. मामा घरातून निघण्यापूर्वी नकाशा बघतात. आयुष्यभर हद्दी आखलेल्या माणसाला हद्द पाळण्याचं ओझं वाटत नाही.

त्यांना एकच कलम लागलं. प्रमाणपत्र मिळायला वय अठरा ते पासष्ट असावं लागतं. “म्हणजे मला पगार घेऊन मायक्रो उडवता येणार नाही,” मामा म्हणाले, “पण फुकट उडवायला कायद्याची हरकत नाही. म्हातारपणाची इतकी अचूक व्याख्या मी दुसरीकडे वाचली नाही.” हसत म्हणाले, पण त्या दिवशी ते पुन्हा काही वेळ काही बोलले नाहीत.

त्यांचा ड्रोन मुलाने आणून दिलेला. सुरुवातीला आम्हाला ती नातवंडांशी खेळण्याची सबब वाटली. नंतर माझ्या लक्षात आलं की या वयाला हे यंत्र विलक्षण जुळतं. मामांचा उजवा हात थरथरतो. साधा कॅमेरा त्यांनी त्यामुळेच सोडला होता. ड्रोनचा कॅमेरा मोटारींवर तोललेल्या चौकटीत बसवलेला असतो, तो वाऱ्याचे धक्के स्वतः खाऊन चित्र स्थिर ठेवतो. हात थरथरतो, चित्र थरथरत नाही. गुडघ्यांना चढण नको, ती यंत्र चढतं. एक कळ दाबली की जिथून उडालं तिथे परत येतं. अडचणीही आहेत. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून मामा छत्रीखाली खुर्ची टाकून बसतात. यंत्र नजरेच्या टप्प्यात ठेवायचं असतं, आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना शंभर मीटरवरचा ठिपका लवकर हरवतो, म्हणून आकाशाकडे बघायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस मी. घारी आल्या की ओरडायचं, एवढंच माझं काम. घारींना आपल्या आकाशात हा चार पंखांचा पाहुणा खपत नाही.

माझ्या अनुवादाची चूक निघाली त्याच हिवाळ्यात आम्ही महानदीच्या अलीकडच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही; तो उंचवटा कुठल्याही संरक्षित यादीत नाही, आणि नाव छापल्याने त्याचं भलंच होईल याची मला खात्री नाही. संरक्षित स्मारकांवर मामा ड्रोन नेत नाहीत. सिरपूरला, जिथे १९५०च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी आणि पुढे अरुणकुमार शर्मांनी उत्खननं केली, तिथे ते हात मागे बांधून फिरतात. शर्मांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली; सिरपूरचं काम त्यांनी सत्तरीत केलं, हे मामा मला दर वेळी सांगतात.

सकाळचे साडेसात वाजले होते. धान कापून झालेलं, खळ्यांत पेंढ्या. सरपंचांना आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं. यंत्र वर गेलं, मी आकाशाकडे बघत होते, मामा पडद्याकडे. मग ते म्हणाले, “आता घारी राहू दे. इकडे बघ.”

पडद्यावर एक कंकण होतं. शेतांच्या चौकोनी बांधांमध्ये एक मोठा, किंचित चेपलेला गोल. तटाची सावली काळ्या शाईसारखी लांब पडली होती. आणि त्याच्या बाहेरून चार तळी, एकामागे एक, गोलाच्या वळणाला धरून. मी दोन तास त्याच तटावर उभी होते. त्यातल्या एका तळ्यावर हात धुतले होते. चार वेगळी तळी म्हणूनच ती मला दिसली होती, गावातही त्यांना चार वेगळी नावं आहेत. वरून बघितल्यावर ती एकच खंदक होती, मध्येमध्ये बुजलेली.

मामांनी ते चित्र छापून घेतलं आणि पुढच्या खेपेला गावात नेलं. पारावर माणसं जमली. एका पोराने आपलं घर शोधलं, एकाने आपली शेती. मामांनी कंकण बोटाने दाखवलं आणि चार तळ्यांची गोष्ट सांगितली. मागे एक म्हातारी उभी होती. तिने चित्राकडे बघितलं, “ये तो हमर तरिया आय” म्हणाली, आणि मग मामांना समजावल्यासारखं सांगितलं, “पानी जादा गिरथे त चारों तरिया एक हो जाथे.” पाऊस जास्त झाला की चारही तळी एक होतात. मामा एकदम गप्प झाले. जे दाखवायला आम्ही यंत्र आणलं होतं, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने ते पाण्यात पाय घालून पाहिलं होतं.

तेव्हापासून मामा दर जानेवारीत आणि दर एप्रिलमध्ये तिथे जातात. तीच जागा, तीच उंची, तीच वेळ. जानेवारीत सावलीसाठी, एप्रिलमध्ये हिरवळीसाठी: बुजलेल्या खंदकाच्या तुकड्यांवर तेव्हा खरोखर हिरवी कमान उमटते. चित्रं एकाखाली एक लावलेली वही त्यांच्याकडे आहे. पहिल्या वर्षी कंकण पूर्ण आहे. दुसऱ्या वर्षी पूर्वेला एक खाच. तिसऱ्या वर्षी तिथे ट्रॅक्टरची वाट आणि जेसीबीच्या दातांचे ओरखडे. तटाची माती विटांसाठी आणि भरावासाठी गेली. जमिनीवरून बघितलं तर ते उंचवट्यातलं एक खिंडार आहे, गावात शंभर असतात. वहीत बघितलं तर कंकण तुटलेलं आहे. मामांनी एका कार्यालयात अर्ज दिला, सोबत चित्रं जोडली. पोच मिळाली आहे.

शहरात तर हे केव्हाच होऊन गेलं. कलचुरी ब्रह्मदेवाच्या काळचा इथला शिलालेख १४०२च्या सुमाराचा, मिराशींनी संपादित केलेल्या कलचुरी लेखांत तो आहे. रायपूर तेव्हापासून तळ्यांचं गाव. १८१८ मध्ये इंग्रजांनी कारभार रतनपूरहून इथे आणला, तेव्हाही तळीच शहराला आकार देत होती. त्यातली कितीतरी बुजली. रजबंधा मैदानात आज कोणी पाणी शोधत नाही. ‘बंधा’ हा शब्द तेवढा नावात राहिला आहे. शब्द टिकतो आणि वस्तू जाते, हे अनुवाद करणाऱ्याला रोज दिसतं. पण वस्तूचं चित्र कोणीतरी वेळेत काढून ठेवलं असेल, तर निदान शब्दाचा अर्थ विचारायला जागा राहते.

भाषांतराची गोष्ट राहिली. मराठीत ‘गढी’ आहेच: देशमुखांची, जहागीरदारांची, सपाटीवर पांढऱ्या मातीत बांधलेली. अर्थाने ती ‘गडा’पेक्षा जवळची. पण गढी म्हटलं की वाडा दिसतो, बुरूज दिसतो, एका घराण्याचा रुबाब दिसतो. पाण्याचं कंकण दिसत नाही. माधवराव सप्रे याच प्रदेशात राहून दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेत होते, तेव्हा त्यांनाही अशा शब्दांपाशी थांबावं लागलं असेल. मी ‘गढ’ तसाच ठेवला आणि पहिल्यांदा आला तिथे एक वाक्य घातलं: सपाट मुलखातला मातीचा तट, भोवती पाणी. मामांनी वाचलं आणि ‘भोवती पाणी’च्या जागी पेन्सिलीने लिहिलं, ‘पावसाळ्यात एक होणारं पाणी’. तसंच छापलं.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. मामांचा दुसरा मोतीबिंदूही आता काढून झाला आहे. म्हणतात, या खेपेला ठिपका त्यांना स्वतःला दिसेल आणि घारींकडे बघायला मी लागणार नाही. मी येणार आहे हे त्यांना माहीत आहे.